मावंद्याविना पायपीट

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरचा नगरनाका झोपत नाही. खुलताबादच्या भद्रा मारुतीचे पहाटेचे दर्शन गाठायचे म्हणून शहरातली हजारो माणसे अंधार पडताच पायी निघतात. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, मग घाट, कागजीपुरा आणि शेवटी खुलताबाद. अंतर सुमारे 25 किलोमीटर. श्रावणातल्या शनिवारीही हा रस्ता असाच वाहता असतो. जागोजागी मंडळांचे मांडव, चहा, पाणी, फराळ. या गर्दीत एकटा चालणारा शोधूनच काढावा लागतो. गल्लीतले मित्र, कॉलेजची टोळी, एकाच पाळीत काम करणारे कामगार, नणंदा-भावजया असे सगळे जोडीने किंवा जथ्याने चालतात. घाटात एखाद्याचे पाय भरून आले की दुसरा त्याला "चल रे, आलंच आता" म्हणत पुढे काढतो. निद्रिस्त मारुतीपुढे हात जोडून झाले, प्रसाद तोंडात पडला की तासाभरात हीच मंडळी मिळेल त्या गाडीने घरी परततात.

म्हणजे या शहराला चालणे शिकवायची गरज नाही. कुठे निघायचे, कुठे थांबायचे, पोचल्यावर काय करायचे, हे सगळे ठरलेले आहे. पण हीच माणसे रविवारी पाठीला सॅक लावून डोंगराकडे निघतात तेव्हा चित्र बदलते. सकाळी गाडीने देवगिरीच्या किंवा पितळखोऱ्याच्या पायथ्याशी उतरायचे, दुपारपर्यंत फिरायचे, फोटो काढायचे आणि संध्याकाळी घरी. वेरूळ आणि अजिंठा ही 1983 पासूनची दोन जागतिक वारसास्थळे, त्यांच्यामध्ये सातमाळा-अजिंठा डोंगररांगेचा लांबलचक कणा, त्यावर अर्धा डझन किल्ले आणि एक अभयारण्य, इतका ऐवज एका जिल्ह्याकडे आहे. तरीही आठ-दहा दिवस सलग चालावे, कुठेतरी पोचावे आणि "झाली वाट पुरी" म्हणावे, अशी खुणा केलेली डोंगरवाट इथे नाही. ती आखली जावी, आणि आखताना सुरुवातीपेक्षा तिच्या शेवटाचा विचार आधी व्हावा.

शेवटाचा विचार आधी का, याचे उत्तर मराठी परंपरेतच आहे.

मराठी मनात घर करून असलेली जोडीची पायपीट ज्ञानेश्वर आणि नामदेव यांची. एकाच्या कुळाचे गाव आपेगाव, याच जिल्ह्यात, पैठण तालुक्यात गोदावरीच्या काठी. दुसऱ्याचे, परंपरेनुसार, हिंगोली जिल्ह्यातले नर्सी. तीर्थावळीच्या अभंगांत या प्रवासाची जी कथा येते तिची सुरुवातच गमतीची आहे. ज्ञानेश्वर पंढरपुरात येऊन नामदेवांना तीर्थयात्रेला चला म्हणतात आणि नामदेवांना जायचेच नसते. विठ्ठल सोडून कुठले तीर्थ, असा त्यांचा प्रश्न. अखेर विठ्ठलच त्यांची समजूत घालतो आणि त्यांना ज्ञानेश्वरांच्या हाती सोपवतो. दोघे उत्तरेकडे निघतात. मारवाडच्या वाळवंटात तहानेने जीव कासावीस होतो आणि सापडलेल्या विहिरीचे पाणी खोल असते. ज्ञानेश्वर योगसिद्धीने सूक्ष्म होऊन खाली उतरतात आणि पाणी पिऊन येतात. नामदेवांना असली सिद्धी ठाऊक नाही. ते विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागते. दोन सोबती, दोन स्वभाव, तहान मात्र सारखीच. लांबच्या वाटेवर ज्याने मित्राबरोबर पाण्याची शेवटची बाटली वाटून घेतली आहे त्याला या कथेतला चमत्कार बाजूला ठेवूनही पुष्कळ काही कळते.

या कथेचा शेवट पंढरपुरात होतो, तोही जेवणावळीने. यात्रा सुफळ झाली म्हणून मावंदे घातले जाते आणि यजमानपण खुद्द विठ्ठलाकडे असते. काशी-रामेश्वर करून आलेल्या माणसाने गंगापूजन करावे, आप्तेष्टांना आणि गावाला जेवू घालावे, ही रीत महाराष्ट्राच्या घराघरांत कालपरवापर्यंत होती. मावंदे झाल्याशिवाय यात्रा पुरी झाली असे कोणी धरत नसे. तीर्थावळीची रचना नेमकी कोणाची आणि कधीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण परंपरेने ही कथा सांभाळताना शेवटच्या पंगतीला मोठी जागा दिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दोघे मित्र दमूनभागून आले आणि आपापल्या घरी जाऊन झोपले, असा शेवट तिला चालला नाही.

त्यानंतर फार काळ सोबत उरली नाही. 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरचे अभंग आजही समाधी सोहळ्यात म्हटले जातात. पुढे नामदेव पुन्हा उत्तरेकडे गेले, या वेळी त्या मित्राविना. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले असे मानतात. गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदे आहेत आणि 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले होते.

अशीच एक कथा साता समुद्रापलीकडची. अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत डोंगररांगेवरून जाणारी अॅपलाचियन ट्रेल ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. कल्पना 1921 ची, वाट पुरी झाली 1937 मध्ये. ती एका दमात चालून संपवल्याची पहिली नोंद 1948 ची, अर्ल शॅफर या तरुणाची. त्याने ती बालपणीच्या मित्राबरोबर, वॉल्टर वाइनमिलरबरोबर चालायची ठरवली होती. दुसऱ्या महायुद्धात वाइनमिलर इवो जिमाच्या लढाईत मारला गेला. युद्धाचा ताण डोक्यातून उतरावा म्हणून शॅफर एकटाच निघाला आणि उत्तर टोकाच्या कटाडिन शिखरावर पोचला. पुढे 1998 मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने तीच वाट पुन्हा पुरी केली. आज ही वाट एका दमात संपवायला निघणाऱ्यांपैकी साधारण चारातला एकच शेवटी पोचतो. बाकीचे दुखापत, पैसा, सुट्टी किंवा कंटाळा यांपैकी कशाने तरी मध्येच परततात.

या परतणाऱ्यांचा विचार चालण्याच्या संस्कृतीत फारसा होत नाही. जोडीने चालणाऱ्यांत तर हा प्रश्न हटकून येतो. दोघांची गती कधीच सारखी नसते. एकाला पहाटे चारला निघायचे असते, दुसऱ्याला चहा झाल्याशिवाय बूट घालता येत नाहीत. तिसऱ्या दिवशी एकाच्या टाचेला फोड येतो आणि मैत्रीची खरी परीक्षा सुरू होते. पुढे निघून जायचे, की आपलीही वाट अर्धवट सोडून त्याच्यासोबत थांबायचे?

पैठणने या प्रश्नाला फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. संत एकनाथ काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते, बरोबर इतर यात्रेकरू होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडताना दिसले. नाथांनी कावडीतले पाणी त्याच्या तोंडात घातले. यात्रा फुकट गेली म्हणून सोबती हळहळले. नाथांचे म्हणणे असे की रामेश्वराला पाणी पोचले. मराठी शाळेत शिकलेल्या पिढ्यांना ही गोष्ट भूतदयेची म्हणून ठाऊक आहे. लांब चालणाऱ्याने ती मुक्कामाची गोष्ट म्हणूनही वाचावी. ठरलेले टोक गाठणे आणि यात्रा पुरी होणे यांत फरक पडू शकतो, आणि तो फरक कधी पडला हे सोबत चालणाऱ्यांनी मिळून ठरवायचे असते.

छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली एक पायपीट वाटेतच अडवली गेली आणि तरीही तिचा शेवट इथेच झाला. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जुलै 1978 मध्ये केला. अंमलबजावणी मात्र झाली नाही, उलट मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. 11 नोव्हेंबर 1979 रोजी जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. विदर्भातून चालत आलेल्या या मोर्चाला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी अडवले. लाठ्या चालल्या, धरपकड झाली. पायांनी गाठायचे ते शहर त्या वेळी गाठता आले नाही. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी, चौदा वर्षांनी. दरवर्षी त्या तारखेला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जनसागर लोटतो. चालणाऱ्यांच्या पिढीतली कितीतरी माणसे हे बघायला उरली नव्हती. त्यांच्या सोबत्यांनी आणि मुलाबाळांनी ती वाट संपवली, असेच म्हणावे लागते.

वारीने तर शेवटाचे शास्त्रच केले आहे. पैठणहून नाथांची पालखी ज्येष्ठात निघते, बीड, अहिल्यानगर, धाराशिवच्या मुलखातून आषाढीला पंढरपुरात पोचते. पोचणे म्हणजे शेवट मात्र नव्हे. एकादशीला चंद्रभागेचे स्नान आणि नगरप्रदक्षिणा होते, पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, एकमेकांच्या तोंडात काल्याचा घास घातला जातो, आणि मग पालख्या परततात. आळंदीची पालखी परतीलाही पायीच असते. जाताना लाखोंची गर्दी असते, परतवारीला मोजके लोक. शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखीसुद्धा दोन्ही बाजूंचे अंतर चालून कापते. पैठणच्या नाथषष्ठीचा शेवटही अष्टमीला काल्याच्या दहीहंडीने होतो. एवढ्या वाटा चालून आलेल्या माणसांना एकदम पांगू द्यायचे नाही, आधी एकत्र खाऊ घालायचे, ही समज या सगळ्यांत समान आहे.

डोंगरातल्या चालण्याला ही समज लागू करायची तर वाट कशी असावी?

सुरुवात पैठणहून व्हावी. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या अंतरावर असल्याची नोंद आहे, म्हणजे इथली अंतरे पूर्वापार पायांच्या हिशेबाने मोजलेली आहेत. पैठणहून देवगिरी, खुलताबाद, वेरूळ, तिथून कन्नडच्या डोंगरात पितळखोरा. इसवी सनापूर्वीच्या या लेण्यातल्या खांबांवर प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या दात्यांचे लेख आहेत. त्यांतला एक मितदेव, गंधाचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला. पैठण ते पितळखोरा ही वाट नव्याने शोधायची नाही, ती त्याच्या ओळखीची होती. पुढे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, मग अंतूरचा किल्ला. अंतूरच्या परिसरात निजामशाही काळातला फारसी लेख असलेला दगडी खांब आहे, कोणती वाट कुठे जाते ते सांगणारा. वाटसरूसाठी दिशादर्शक लावण्याची कल्पना या डोंगरात चारशे वर्षांपूर्वीच रुजली होती, एवढा त्याचा अर्थ. तिथून सुतोंडा, मग वेताळवाडी आणि जंजाळ्याचे शेजारी किल्ले. जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या घराण्याचा लेख आहे, आणि याच वराहदेवाने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे करवून घेतले. या दोन लेण्यांमध्ये चालायचे म्हणजे एकाच दात्याच्या दोन कामांमध्ये चालायचे. शेवट अजिंठ्याला, वाघूर नदीच्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या वळणापाशी.

खर्चाचा बागुलबुवा इथे उभा केला जाईल. त्यावर स्पेनचे उदाहरण पुरेसे आहे. सांतियागो दे कोम्पोस्तेलाची मध्ययुगीन तीर्थवाट गेल्या शतकात जवळजवळ ओस पडली होती. ओ सेब्रेरो या डोंगरी गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी 1980 च्या दशकात पिवळ्या रंगाचे डबे घेऊन दगडांवर, भिंतींवर, झाडांवर बाण रंगवत वाट पुन्हा दाखवून दिली. आज दरवर्षी चार लाखांहून अधिक यात्रेकरू तिथे प्रमाणपत्र घेतात. नियम सोपा: निदान शेवटचे 100 किलोमीटर पायी चालायचे आणि वाटेतल्या मुक्कामांचे शिक्के वहीत घ्यायचे. वाट कुठूनही सुरू करा, शेवट मात्र चुकवता येत नाही.

आक्षेप खर्चाचा नाही, पाण्याचा आणि सुरक्षेचा आहे, आणि तो रास्त आहे. अजिंठ्याच्या रांगेतले ओढे उन्हाळ्याच्या तोंडाशी आटतात. पावसाळ्यात कडे निसरडे होतात. त्यामुळे हंगाम दिवाळी ते संक्रांत एवढाच धरावा लागेल. अभयारण्यात मुक्काम कुठे करता येईल, कुठे नाही, हे वनविभागाने ठरवायचे, आणि ते चालणाऱ्यांनी मुकाट पाळायचे. बिबट्याचा वावर या भागात आहे. लेण्यांच्या कपारीत आग्या मोहोळे असतात, धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिथे जिवावर बेतू शकतो. काही टप्पे शेतांच्या बांधांवरून जातील, त्यासाठी शेतकऱ्याची परवानगी आधी हवी, नंतरची माफी नको. गर्दी झाली तर प्लास्टिकचा कचरा येणार, ही भीतीही खोटी नाही. दिवसाला किती जणांना सोडायचे याची मर्यादा पहिल्या दिवसापासून घालावी लागेल.

सगळ्यांना दहा दिवसांची सुट्टी मिळत नाही, हा आणखी एक मुद्दा. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांनी नर्मदा परिक्रमा 1977 पासून तुकड्यातुकड्यांनी केली. सुट्टीत निघायचे, जमेल तेवढे चालायचे, पुढच्या वेळी तिथूनच पुढे. सोबती बदलत गेले, काही टप्प्यांवर पत्नी बरोबर होती. पैठण-अजिंठा वाटही शनिवार-रविवार धरून दोन हंगामांत पुरी करता यावी. एका मित्राचे दोन टप्पे राहिले तर दुसऱ्याने ते त्याच्यासोबत पुन्हा चालावेत, आणि वहीतली शेवटची सही दोघांनी मिळून करावी. नियमावलीत अशा गोष्टी लिहून ठेवायला लाज वाटायचे कारण नाही.

आणि मावंदे. ते अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापुरात व्हावे. गावातल्या महिला बचत गटांकडे स्वयंपाक, हंगामात आठवड्यातून एक ठरलेला दिवस, वाट संपवणाऱ्या सगळ्यांची एकच पंगत. जुन्या मावंद्यांत कोण कोणाच्या पंगतीला बसतो यावर जातीच्या भिंती होत्या. चोखोबांच्या आणि नाथांच्या कथा त्या भिंतींवर बोट ठेवतात. नव्या पंगतीत वाट दाखवणारा गावातला पोरगा, मुक्कामाला ओटा देणारे घर आणि शेतातून जाऊ देणारा शेतकरी यांचीही पाने असायला हवीत. पर्यटन म्हणून आलेला पैसा वाटेवरच्या गावांत किती थांबला, याचा हिशेबही त्या दिवशी समोरासमोर होईल.

हे सगळे एकदम होणार नाही आणि व्हायलाही नको. वेरूळ ते पितळखोरा हा पहिला टप्पा येत्या दिवाळीपर्यंत आखता येण्याजोगा आहे. वनविभाग आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी, ग्रामपंचायतींचे ठराव, मुक्कामासाठी जिल्हा परिषदेच्या शाळा, रंगाचे डबे आणि प्रत्येक मुक्कामी एक शिक्का, एवढ्यावर काम सुरू होते. शहरातल्या गिर्यारोहण मंडळांकडे वाटा ठाऊक असलेली माणसे आहेत आणि कन्नड-सोयगावच्या गावांत त्यांच्याहून जास्त आहेत. त्यांना एका टेबलाभोवती बसवण्याचे काम जिल्हाधिकारी कार्यालयाने करावे, पर्यटनाच्या पुढच्या आराखड्याची वाट न बघता.